ग्रॅमचं ओझं

दुकानात त्याला सगळे ग्रॅम म्हणत. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या दुकानात हे नाव म्हणजे किताबच. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, आणि ते तिथेच राहिलं.

मी त्याच दुकानात प्रमाणपत्रं लिहायचो. साहित्याची पदवी घेतली होती, आणि दिवसातून तीस वेळा एकच वाक्य लिहीत होतो : 'सदर काटा तपासला असून बिनचूक आहे.' बिनचूक आहे की नाही हे ठरवायचा तो. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, तरी आमचं जमलं. त्याला अतिशयोक्ती सोसायची नाही. मी म्हणायचो, "आज हजार माणसं आली रे." तो म्हणायचा, "सतरा. त्यातली दोघं पत्ता विचारायला."

पितळी वजनं तो चिमट्याने उचलायचा. बोटांचा घामसुद्धा वजनात धरला जातो, असं गिऱ्हाइकाला सांगायचा. गिऱ्हाईक माझ्याकडे बघून डोळा मारायचं. तो मात्र गंभीर असायचा.

बाहेरची कामंही तोच करायचा. किराण्याची दुकानं, सोनार, गोदामं, दवाखाने. वीस वीस किलोची लोखंडी वजनं गाडीतून उतरवायची, काट्यावर चढवायची, पुन्हा गाडीत ठेवायची. पस्तिशीच्या आत कंबर गेली. डॉक्टरांनी दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या. पुढे डॉक्टरांनी बंद केल्या, त्याने केल्या नाहीत. त्याच सुमारास त्याची आई गेली. तिला हाडांचा कर्करोग होता. कपाटात तिच्या तसल्याच गोळ्यांची पाच पाकिटं उरली होती. ती त्याने संपवली. मग चिठ्ठी न मागणारा एक औषधवाला शोधला. चौदा महिने. रोज नऊ गोळ्या. आकडे त्याचे आहेत.

मला काहीच कळलं नाही. तो गप्प गप्प असायचा. मला वाटलं, आईचं दुःख. साहित्य शिकलेल्या माणसाला जिथे तिथे दुःखच दिसतं.

कळलं ते बाळांच्या काट्यामुळे. एका छोट्या दवाखान्यातला काटा त्याने दुरुस्त करून दिला होता आणि मी त्यावर 'बिनचूक' लिहिलं होतं. तीन आठवड्यांनी तिथली परिचारिका तो काटा कडेवर घेऊन दुकानात आली. काउंटरवर आपटला.

"आमच्या भागातली सगळी बाळं एका दिवसात गुबगुबीत झाली," ती म्हणाली. "मी तर काही केलं नाही. तुम्ही केलंत का?"

ग्रॅमने काट्यावर दोन किलोचं वजन ठेवलं. काटा दोन किलो तीनशे दाखवत होता. त्याने वजन उचललं, पुन्हा ठेवलं. पुन्हा दोन किलो तीनशे.

"एक बाळ आहे," परिचारिका म्हणाली. "वजन वाढत नव्हतं त्याचं. या काट्यावर वाढलं. म्हणून मी आईला सांगितलं, घाबरू नका, सगळं ठीक आहे. तीन आठवडे सांगितलं."

"आता कसं आहे?" ग्रॅमने विचारलं.

"आता खरं कळलंय. होईल बरं."

ग्रॅम खाली फरशीवर बसला. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. तोच म्हणाला, "मी गोळ्या घेतो. त्या दिवशी घेतल्या होत्या. रोजच घेतो."

मालक भला माणूस. त्याने आरडाओरडा केला नाही. म्हणाला, "बरा होऊन ये. तीन महिने तुझी जागा कोणाला देत नाही. पण बरा झालास असा कागद आण. कागदाशिवाय मी तुला काट्याला हात लावू देणार नाही." यात चुकीचं काही नव्हतं. आजही वाटत नाही.

व्यसनमुक्ती केंद्र शोधलं ताईने. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. पडदे शिवते. आई गेल्यावर घरात ही दोघंच. तिला एकच हवं होतं. भाऊ जसा होता तसा परत हवा होता. सतराला सतरा म्हणणारा.

केंद्र पूर्वी फर्निचरचं दुकान होतं. समोरच्या काचांना आतून पांढरा रंग दिला होता. सभेच्या खोलीत भिंतीवर जुनी पाटी तशीच होती : 'सोफा विभाग'. तिच्याखाली बेचाळीस माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून आपापली पापं सांगत.

तिथे सगळे एकमेकांचे भाऊ. काल दारात पाऊल टाकलेला माणूसही भाऊ. सख्खी बहीण मात्र 'बाहेरची'. या सगळ्या भावांचे प्रमुख ते मोठेदादा. ते स्वतः तेरा वर्षांपूर्वी सुटले होते आणि ते विसरायची मुभा त्यांनी कोणालाही ठेवली नव्हती. अंगाने भरलेले, आवाज मऊ, समोरच्याचा हात हातात घेऊन बोलणारे. हात सोडायला विसरणारे.

पहिले बारा दिवस ग्रॅमला एका म्हाताऱ्या कंपाउंडरने सांभाळलं. तो वांत्या करायचा, त्याचे पाय झटके द्यायचे, घामाने चादर भिजायची. म्हातारा चादर बदलायचा, साखरमिठाचं पाणी पाजायचा आणि शेजारी बसून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवायचा. काही बोलायचा नाही. गोळ्या सुटल्या त्या या बारा दिवसांत. त्यानंतर तिथे जे झालं त्याला उपचार म्हणतात. त्या म्हाताऱ्यासाठी मात्र कोणी टाळी वाजवलेली मी पाहिली नाही.

भेटायची वेळ रविवारी अकरा ते बारा. पाचव्या रविवारी ताई आणि मी गेलो. भेटीच्या वेळी शेजारी एक भाऊ बसायचा, 'आधाराला'. त्या दिवशी एक पेंटर होता, घरं रंगवणारा. चौथ्यांदा दाखल झालेला, म्हणून तिथे त्याला फार मान.

ग्रॅमच्या चेहऱ्यावर रंग आला होता. पण तो वैतागला होता.

"सतरा हात पडले," तो म्हणाला. "अठ्ठावीस लागतात."

"कसले हात?" ताईने विचारलं.

मग त्याने समजावलं. तिसरी पायरी म्हणजे ओझंसभा. बुटक्या स्टुलावर बसायचं आणि आपल्या व्यसनापायी घडलेलं सगळ्यात वाईट कृत्य सांगायचं. ऐकणाऱ्यांना ओझं खरोखर उतरलं असं वाटलं तर ते हात वर करतात. दोन तृतीयांश हात पडले तर पायरी पार. नाहीतर पुढच्या आठवड्यात पुन्हा.

"तू काय सांगितलंस?"

"बाळाचा काटा."

पेंटरने मान हलवली. "बाळ मेलं का, ताई?"

"नाही."

"मग ओझं कसलं?"

"मेलं नाही म्हणून काय झालं?" ग्रॅम म्हणाला. "तीनशे ग्रॅम जास्त. एकवीस दिवस. पावणेतीन किलोचं बाळ. म्हणजे दहाव्या हिश्श्याहून—"

"बघा! बघा!" पेंटर खूश झाला. "आकडे. मोठेदादा म्हणतात, हा आकड्यांमागे लपतो. नकारात आहे हा."

नकार हा मोठेदादांचा लाडका शब्द. आपला आजार मान्य न करणं म्हणजे नकार. भिंतीवर तो चार ठिकाणी लिहिला होता.

"अहो, नकार कसला?" ताई म्हणाली. "त्याला कोणी पकडलं नव्हतं. आपणहून सांगितलं त्याने."

"तेच तर. आपणहून सांगितलं म्हणजे काहीतरी मोठं झाकायचं असणार."

ताईने पेंटरकडे नीट पाहिलं. मापाला आलेलं कापड बघावं तसं.

"म्हणजे नाही सांगितलं तर लपवतो, आणि सांगितलं तर झाकतो," ती म्हणाली. "तुमच्या या घराला बाहेर पडायचं दार ठेवलंय, की तेही रंगवून टाकलंत?"

ग्रॅम हसला. पेंटर हसला नाही. त्याने एका चिठोऱ्यावर काहीतरी टिपून घेतलं.

सहाव्या आठवड्यात एकवीस हात पडले. सातव्यात एकोणीस. याच काळात एक वकील आला आणि दहा दिवसांत तिसऱ्या पायरीवर पोचला. नशेत बायकोला जिन्यावरून ढकललं असं त्याने सांगितलं होतं. चाळीस हात. रविवारी त्याची बायको भेटायला आली तेव्हा माझ्या शेजारी बसली. बोलता बोलता म्हणाली, आम्ही पहिल्यापासून तळमजल्यावर राहतो. मी हे ग्रॅमला सांगितलं. मला वाटलं, दोघं मिळून हसू.

तो हसला नाही. म्हणाला, "चाळीस हात."

अकराव्या आठवड्यात दुकानात फोन आला. तीन मिनिटं बोलायची परवानगी.

"झालं," तो म्हणाला. "सदतीस."

"काय सांगितलंस?"

"रविवारी माफीसभा आहे. ताईला घेऊन ये. तेव्हा ऐकशील."

"ताईला आधी कल्पना देऊ का?"

"नको," तो म्हणाला. "आधी सांगितलं की परिणाम जातो."

परिणाम. माझा ग्रॅम हा शब्द वापरत नव्हता.

माफीसभेचा नियम सोपा. माणसाने स्टुलावर बसून आपलं ओझं घरच्यांसमोर पुन्हा सांगायचं. मग घरच्यांपैकी एकाने उठून त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, मी तुला माफ केलं. तेवढं झालं की कागद. कागद मिळाला की घर, आणि दुसऱ्या दिवशी दुकान. मालकाने दिलेल्या मुदतीतले नऊ दिवस उरले होते. ताईने त्याच्यासाठी धुतलेला शर्ट पिशवीतून आणला होता.

ग्रॅम स्टुलावर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर. आवाज खाली उतरवलेला, मोठेदादांसारखा.

"माझी आई अंथरुणाला खिळली होती," तो म्हणाला. "हाडं आतून जळत होती तिची. तिच्या उशाशी औषधाची बाटली असायची. मी त्या बाटलीतल्या गोळ्या चोरायचो. आणि तिला कळू नये म्हणून त्यात जीवनसत्त्वाच्या साध्या गोळ्या भरून ठेवायचो. ती त्या घ्यायची आणि माझ्याकडे बघत राहायची. दुखणं का थांबत नाही, असं तिचे डोळे विचारायचे. अशा असंख्य रात्री गेल्या. ती तडफडत गेली. मी शेजारच्या खोलीत नशेत झोपलो होतो."

खोलीत हुंदके सुरू झाले. पेंटर तर ओंजळीत तोंड खुपसून रडत होता. मग टाळ्या. आधी एकेक, मग सगळ्यांच्या.

मला ते खरं वाटलं. दोन मिनिटं पूर्ण खरं वाटलं. शब्द चांगले होते, क्रम चांगला होता, आणि अशा गोष्टींवर विश्वास ठेवायचं शिक्षण मी तीन वर्षं घेतलं होतं.

"ताई, या," मोठेदादा म्हणाले. डोळे पुसत त्यांनी हात पुढे केला. "कठीण आहे. पण या. हात ठेवा त्याच्या डोक्यावर."

ताई उठली. तिने मोठेदादांचा हात घेतला नाही. ती स्टुलापाशी गेली आणि म्हणाली, "कुठली बाटली?"

पेंटरने ओंजळीतून तोंड वर काढलं.

"अरे, मी विचारतेय. कुठली बाटली? आईच्या गोळ्या पाकिटात यायच्या. चंदेरी कागदाच्या. एकेक दाबून काढावी लागायची. तिच्या बोटांत जोर नव्हता म्हणून मी काढून द्यायचे. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, मी. पाकीट माझ्या एप्रनच्या खिशात असायचं. तू तेव्हा कुठे होतास? गोदामांचे काटे करत फिरत होतास. रविवारचा तेवढा आईपाशी बसायचास."

"ताई," मोठेदादा मऊ आवाजात म्हणाले, "तपशील महत्त्वाचा नसतो. भावना—"

"याच्या बाबतीत तपशील महत्त्वाचा नसतो? माझा भाऊ आहे ना हा? की बदलून दिलात?" ती पुन्हा त्याच्याकडे वळली. "गोळी दाबून काढलीस, जीवनसत्त्वाची आत बसवलीस, आणि चंदेरी कागद परत चिकटवलास. कशाने रे? डिंकाने?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. ग्रॅमच्या ओठाचा कोपरा हलला. तेवढ्यापुरता तो आमचा होता. मी ते स्वतः पाहिलं.

"ताई, एक लक्षात घ्या," मोठेदादांचा मऊपणा जरा कमी झाला होता. "माफी नाही तर कागद नाही."

"माफी देते की. बाळाच्या काट्याची देते. तो गुन्हा खरा आहे. त्या बाळाच्या आईला भेटायला गेले तेव्हा मला मान वर करता आली नाही. त्याची माफी लिहा आणि द्या कागद."

"ते ओझं पास झालेलं नाही."

हे वाक्य एक प्रौढ माणूस बोलला. चाळीस प्रौढ माणसांसमोर. कोणाला हसू आलं नाही.

ताई स्टुलाच्या आणखी जवळ सरकली. मग मोठेदादांकडे न बघता बोलली.

"मी याच्या डोक्यावर हात ठेवला, तर आई तडफडून गेली असं ठरतं. ती तशी गेली नाही. मी होते तिथे. शेवटच्या दिवशी तिने मला केस विंचरायला सांगितले. म्हणाली, भांग सरळ पाड. तासाभराने गेली. तुम्हाला टाळ्या वाजवायला काहीतरी हवं म्हणून मी तिला पुन्हा मारू? आणि तेही असं?"

तिने पिशवीतला शर्ट काढला आणि ग्रॅमच्या मांडीवर ठेवला.

"ऊठ," ती म्हणाली. "एवढंच म्हण की हे खोटं आहे. मग शर्ट घाल आणि चल घरी. कागद गेला खड्ड्यात. तुझ्या मालकाशी मी बोलते."

ग्रॅमने शर्टाकडे पाहिलं. मग वर पाहिलं. ताईकडे नाही, मोठेदादांकडे. मोठेदादांनी काही केलं नाही, फक्त डोळे मिटून मान किंचित हलवली. अशा मानेसाठी माणसं तिथे महिनोन्‌महिने राहतात.

"ताई," ग्रॅम म्हणाला, "तुला ते ऐकवत नाही, मला कळतं. तू नकारात आहेस."

टाळ्या आधीपेक्षा मोठ्या झाल्या.

ताई रस्त्यावर जाऊन उभी राहिली. मी मागे राहिलो. सभा संपल्यावर तो व्हरांड्यात भेटला. शर्ट त्याच्या हातात होता, घडी न मोडलेला.

"बाटली कुठून आणलीस?" मी विचारलं.

"आधी पाकीटच होतं," तो म्हणाला. "मोठेदादा म्हणाले, बाटली कर. पाकीट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काही येत नाही."

"म्हणजे खोटं आहे."

"खोटं कसं? मी तिच्या गोळ्या घेतल्याच ना? ती गेल्यावर घेतल्या. ती अजून दोन महिने जगली असती तर आधी घेतल्या असत्या. मी स्वतःला ओळखतो. फरक फक्त तारखेचा आहे."

"तारखेचा फरक तुला चालतो?"

त्याने शर्टाची घडी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "तुला माहीत आहे, तेरा वर्षं मी काटे बरोबर केले. किती काटे, तेही सांगू शकतो. एकदाही कोणी टाळी वाजवली नाही. काटा बरोबर असला की माणूस आपलं सामान मोजतो आणि निघून जातो." त्याचे डोळे भरून आले होते. खरे भरले होते की नाही, ते मला ठरवता आलं नाही. तिथे ते ठरवायची सोयच ठेवलेली नव्हती.

पुढच्या आठवड्यात दुकानात पाकिटातून कागद आला. 'सदर व्यक्ती व्यसनमुक्त व प्रांजळ आहे.' मालकाने तो दोनदा वाचला आणि मला विचारलं, "कागद आला, माणूस कुठे आहे?" माफी कोणी दिली तेही पुढे कळलं. पेंटरने दिली. आईच्या वतीने. त्याने तिचा फोटोदेखील पाहिलेला नव्हता.

माणूस आला नाही. त्याला तिथेच ठेवून घेतलं. आता तो तिथला सहायक आहे. छातीवर पिवळा बिल्ला लावतो. नव्यांना ओझं कसं सांगायचं ते शिकवतो. दर महिन्याला स्वतःचं सांगून दाखवतो. मी एकदा ऐकलं. आता आई बाटली हातात घेऊन हलवून बघते आणि म्हणते, हलकी लागते रे. हे वाक्य नवं होतं. चांगलं होतं.

गोळी मात्र त्याने पुन्हा घेतलेली नाही. दीड वर्ष झालं. हे लिहिलं पाहिजे, म्हणून लिहितो. त्या म्हाताऱ्या कंपाउंडरचं काम पक्कं होतं.

ताईकडे मी अधूनमधून जातो. ती मशीनवर असते. त्याचं नाव काढत नाही, पण मी उठायला लागलो की विचारते, "गोळ्या?" मी म्हणतो, "एकही नाही." ती मान हलवते आणि पुढची शिवण घालते.

गेल्या महिन्यात मी जरा धीर केला. म्हणालो, "ताई, त्याला घरी यायचं असेल तर?"

"येऊ दे की. दार उघडंच आहे," ती म्हणाली. सुईत दोरा ओवत होती. "त्याला सांग, आई कशी गेली ते आठवलं की जेवायलाच ये. त्याआधी आलास तर चहा मिळेल. आणि चहा पिऊन झाला की कप धुऊन जा."

मी रविवारी केंद्रात गेलो आणि तिचा निरोप शब्दाला शब्द सांगितला. त्याने मन लावून ऐकला. बराच वेळ पांढऱ्या काचेकडे बघत राहिला. मला वाटलं, लागलं कुठेतरी.

मग त्याने खिशातून चिठोरं आणि पेन्सिल काढली.

"कप धुऊन जा," तो पुटपुटला. "हे मी सभेत वापरलं तर ताईची हरकत नसेल ना?"